सायकल चालवली पायांनी, दुखली मात्र पाठ!

आषाढी एकादशी झाली की पुढचे आठ-दहा दिवस माझ्या दवाखान्यातली गर्दी ठरलेली असते. कुणाच्या पायाला फोड आलेले असतात, कुणी पावसात भिजून तापाने फणफणलेला असतो, तर कुणाचे पोट वाटेतल्या पाण्याने बिघडलेले असते. अलीकडे या यादीत एका तक्रारीची भर पडली आहे. आता गावोगावचे सायकलप्रेमी गट करून पंढरपूरला सायकलवरून जातात. आमच्या तालुक्यातूनही असा एक गट निघतो. ही मंडळी परत आली की दवाखान्याच्या पायऱ्या झपझप चढून येतात आणि खुर्चीत बसताना मात्र 'आई गं' म्हणतात. "डॉक्टर, पाय अगदी ठणठणीत आहेत हो. पण इथे, या दोन फऱ्यांच्या मधे आणि मानेच्या मुळाशी असं काही धरलंय की विचारू नका!"

यंदा या मंडळींत हायस्कूलमधून निवृत्त झालेले एक गुरुजी होते. वय साठीच्या आत-बाहेर. त्यांच्या हातात एक्स-रेचे मोठे पाकीट होते आणि चेहरा पडलेला होता. मी काही विचारण्याआधीच ते म्हणाले, "मानेच्या मणक्यात झीज निघाली आहे डॉक्टर. सायकल आता कायमची बंद, असं घरचे, शेजारचे सगळेच म्हणताहेत. म्हटलं, विकूनच टाकावी."

मला त्यांच्या पाठीपेक्षा या शेवटच्या वाक्याची जास्त काळजी वाटली. गुरुजींना बारा वर्षांपासून मधुमेह आहे. गोळ्या वाढवत वाढवत आम्ही इन्शुलिनच्या उंबरठ्यापर्यंत आलो होतो. मागच्या वर्षी मुलाने स्वतःची गिअरची सायकल त्यांना दिली आणि गुरुजी रोज पहाटे तासभर फिरू लागले. आठ महिन्यांत त्यांची तीन महिन्यांची सरासरी साखर साडेआठवरून सातच्या आसपास आली, कमरेचा पट्टा दोन भोके आत गेला आणि रात्रीची झोप सुधारली. पाठीच्या एका दुखण्यापायी हे सगळे सोडून देणे म्हणजे पायात काटा रुतला म्हणून चालणेच बंद करण्यासारखे होते.

एक्स-रे मी पाहिला. त्यात त्यांच्या वयाला शोभेल एवढीच झीज होती. वाचकांनी हे एकदा नीट लक्षात घ्यावे. पन्नाशीनंतर जसे केस पिकतात, तसे मणकेही थोडे झिजतातच. ज्यांची मान आयुष्यात कधी दुखली नाही अशांचे एक्स-रे काढले, तरी त्यातल्या पुष्कळांच्या मणक्यांत ही झीज दिसते. तेव्हा एक्स-रेमध्ये झीज दिसली म्हणजे दुखण्याचे कारण सापडले, असे होत नाही. गुरुजींच्या हातांत मुंग्या नव्हत्या, हाताची पकड घट्ट होती, मान सावकाश का होईना सगळीकडे वळत होती. उजव्या फऱ्याच्या वरच्या कोपऱ्यात बोटाने दाबले, तेव्हा मात्र ते कळवळले. तिथे सुपारीएवढी कडक गाठ हाताला लागत होती. दुखणे मणक्याचे नव्हते, स्नायूंचे होते.

काम पायांचे, शिक्षा पाठीला

आता कुणीही विचारील की सायकल चालवतात पाय, मग पाठ का दुखावी? त्यासाठी घरच्या घरी एक प्रयोग करा. पाण्याने भरलेला तांब्या हातात घेऊन हात समोर सरळ धरा आणि तसाच स्थिर ठेवा. दोन मिनिटांत खांदा भरून येईल, हात थरथरू लागेल. थोड्या विश्रांतीनंतर तोच तांब्या खाली-वर करत राहा. हात हलता असताना तुम्ही बराच जास्त वेळ टिकाल.

याचे कारण सोपे आहे. स्नायू आवळला की त्याच्या आतल्या बारीक रक्तवाहिन्या दाबल्या जातात. सैल सोडला की त्या उघडतात आणि ताजे रक्त आत येते. हलणाऱ्या स्नायूला अशी दर क्षणाला विश्रांती मिळत असते. आवळून धरलेल्या स्नायूला ती मिळत नाही. त्याचा रक्तपुरवठा मंदावतो, तो थकतो आणि थकला तरी त्याला सोडता येत नाही, म्हणून दुखू लागतो.

सायकलवर नेमके हेच घडते. पाय गोल गोल फिरत असतात, त्यांना आलटून पालटून विश्रांती मिळते. पाठीचा वरचा भाग मात्र तासन् तास एकाच जागी थिजलेला असतो. मोठ्या माणसाचे डोके साधारण साडेचार ते पाच किलो वजनाचे असते. ताठ बसले की हे ओझे मणक्यांच्या खांबावर तोललेले असते. आपण हँडलवर ओणवे झालो की ते पुढे लोंबू लागते. आडातून काढलेली बादली अंगाजवळ धरली तर हलकी लागते आणि हात लांब करून धरली तर जड लागते, तसेच हे आहे. त्यातून रस्ता पाहायला हवा म्हणून आपण मान वर उचलतो. म्हणजे पाठ वाकलेली आणि मान मागे मोडलेली, अशी ही बैठक असते. हे लोंबते डोके धरून ठेवण्याचे काम मानेच्या मागचे स्नायू करतात आणि त्यांतला सर्वांत मोठा म्हणजे ट्रॅपिझियस. कवटीच्या तळापासून निघून दोन्ही खांद्यांवर पसरणारा आणि पाठीच्या मध्यापर्यंत उतरणारा हा पतंगाच्या आकाराचा स्नायू आहे. त्याच्या खाली फरे वर उचलणारे आणि मणक्याकडे ओढून धरणारे आणखी लहान स्नायू असतात. गुरुजींना सापडलेली गाठ यांच्यापैकीच एकाची होती.

यात भर घालतो तो आपला स्वभाव. रस्त्यात खड्डे, मागून ट्रकचा हॉर्न, समोरून सुसाट येणारी मोटारसायकल. भीती वाटली की माणूस नकळत खांदे कानांकडे उचलतो, कोपरे ताठ करतो आणि हँडल मुठीत आवळतो. ताठ कोपरांतून खड्ड्याचा प्रत्येक दणका थेट मानेच्या मुळाशी पोचतो.

गार वारा आणि लॅक्टिक ॲसिड

अशा दुखण्याला आपल्याकडे 'उसण भरली' किंवा 'गार वारा लागला' असे म्हणतात. थंडीत आखडलेला स्नायू जास्त जाणवतो हे खरे, पण मूळ दुखणे वाऱ्याने येत नाही. दोन तास मान उचलून बसलेला माणूस भर वैशाखातही आखडतो.

व्यायामशाळेतली तरुण मुले दुसरे कारण सांगतात. "स्नायूत लॅक्टिक ॲसिड साठलं," असे ती म्हणतात. आम्ही शिकत होतो त्या काळी हे सर्रास सांगितले जाई. पण व्यायामाने वाढलेले लॅक्टिक ॲसिड विश्रांतीनंतर साधारण तास-दोन तासांत रक्तातून निघून जाते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जे अंग ठणकते, ते सवय नसलेल्या श्रमाने स्नायूंच्या तंतूंना झालेल्या बारीक इजेमुळे आणि ती भरून येताना होणाऱ्या दाहामुळे. हे ठणकणे साधारण एक ते तीन दिवसांत शिगेला पोचते आणि आठवड्याच्या आत विरते. म्हणून ज्याला एरवी दहा किलोमीटरची सवय आहे, त्याने एकदम एका दिवसात ऐंशी किलोमीटर मारले, तर पांडुरंगसुद्धा त्याची पाठ वाचवू शकत नाही!

मानेचे हे स्नायू किती थकू शकतात याचे टोकाचे उदाहरण सांगतो. अमेरिकेत पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंत 'रेस ॲक्रॉस अमेरिका' नावाची सुमारे ४,८०० किलोमीटरची सायकल शर्यत होते. नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ साली दोघांचा संघ करून ती पूर्ण केली. नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ साली ती एकट्याने पूर्ण केली. या शर्यतीत १९८३ साली मायकेल शर्मर नावाच्या स्पर्धकाच्या मानेचे स्नायू इतके थकले की त्याला डोके वर धरणेच अशक्य झाले. तेव्हापासून या अवस्थेला 'शर्मर्स नेक' असेच नाव पडले आहे. शर्यतीत अशी वेळ आलेले काही जण हाताने हनुवटीला टेकू देतात, काही जण मानेला आधार बांधतात. आपल्यावर ही वेळ येणार नाही. पण मान हा सायकलस्वाराचा कच्चा दुवा आहे, एवढे यावरून कळावे.

गुरुजींची सायकल

"गुरुजी, सायकल आणली आहे का?" मी विचारले. ती बाहेर लिंबाच्या झाडाला टेकवलेली होती. पेशंटला तपासून झाल्यावर मी त्याची सायकलही तपासतो, याचे आमच्या कंपाउंडरला अजून हसू येते. पण निम्मे निदान तिथेच होते.

सायकल मुलाच्या उंचीची होती. मुलगा गुरुजींपेक्षा चांगला वीतभर उंच आहे. हँडल सीटपेक्षा चार बोटे खाली होते आणि बरेच पुढे होते. सीटचे नाक खाली झुकलेले होते. त्यामुळे गुरुजी सतत पुढे घसरत आणि हातांनी हँडल रेटून स्वतःला मागे लोटत. त्यात वारीच्या दोन्ही दिवशी पाठीवर पाच-सहा किलोची सॅक होती. चष्मा घामाने नाकावर घसरत होता, म्हणून काचेतून पाहण्यासाठी मान आणखी वर करावी लागत होती. पाठीने तक्रार केली नसती तरच नवल!

तुमची सायकल तुम्हाला बसते की नाही, हे पाहायला पाच मिनिटे लागतात. कुणाला तरी सायकल धरायला सांगा आणि पुढील गोष्टी क्रमाने पाहा.

पहिली गोष्ट सीटची उंची. सीटवर बसून टाच पायडलवर ठेवा आणि पायडल अगदी खाली न्या. पाय सरळ झाला पाहिजे. मग चवड्याने पायडल मारताना गुडघा आपोआप किंचित वाकलेला राहतो. टाच पोचतच नसेल तर सीट उंच आहे, गुडघा फारच दुमडत असेल तर सीट खाली आहे.

दुसरी गोष्ट सीटचा कल. सीट जमिनीशी समांतर हवी. त्यावर चण्याचा दाणा ठेवला तर तो पुढे घरंगळून जाऊ नये, एवढे लक्षात ठेवा.

तिसरी गोष्ट हँडलचे अंतर. कोपर सीटच्या टोकाला लावून हात पुढे केला की बोटे हँडलच्या जवळपास पोचावीत, असा जुन्या सायकलवाल्यांचा अंदाज आहे. हा ढोबळ अंदाज झाला. खरी खूण अशी की हँडल धरल्यावर कोपरे किंचित वाकलेली राहिली पाहिजेत आणि खांदे पुढे ताणले जाता कामा नयेत.

चौथी गोष्ट हँडलची उंची. शर्यतीत उतरायचे नसेल तर हँडल सीटच्या बरोबरीने किंवा दोन बोटे वरच असावे. जुन्या पद्धतीच्या सायकलीत वरचा नट ढिला करून ते वर घेता येते. पण हँडलच्या आणि सीटच्या नळीवर एक खूण कोरलेली असते. ती बाहेर दिसेपर्यंत नळी कधीही वर ओढू नका. नळी आतून निसटली तर पाठीऐवजी दात आणि हनुवटी दाखवायला यावे लागेल. नव्या गिअरच्या सायकलीत हँडल असे वर घेता येत नाही. त्यासाठी स्टेम नावाचा तुकडा बदलून आखूड किंवा वर वळलेला बसवावा लागतो. सायकलच्या दुकानात हे काम होते आणि नव्या सायकलपेक्षा किती तरी कमी खर्चात होते.

गुरुजींचे स्टेम बदलले, सीट समांतर झाली आणि थोडी पुढे सरकली. सॅक पाठीवरून उतरून कॅरिअरवर गेली. चष्म्याला मागून दोरी आली.

हाच नियम इतरांनाही लागू आहे. शाळकरी मुलांचे दप्तर पाठीवर असते आणि सायकल 'पुढे वापरता येईल' म्हणून एक माप मोठी घेतलेली असते. मुलगी रोज चार किलोमीटर हात ताणून जाते आणि संध्याकाळी मान दुखते म्हणाली की आपण तिला अभ्यास टाळते म्हणून रागावतो. दप्तर कॅरिअरला बांधा, सीट आणि हँडल तिच्या मापाला आणा. जे ओझे घेऊन सायकल चालवतात त्यांनी दोन्ही बाजूंना सारखे वजन ठेवावे. एकाच बाजूला पिशवी लटकली की दुसऱ्या बाजूचा खांदा दिवसभर तोल सावरत राहतो.

सायकलवर असताना

सायकल कितीही मापाची असली तरी थिजून बसले की पाठ धरणारच. म्हणून दर दहा-पंधरा मिनिटांनी हँडलवरची हातांची जागा बदला. रस्ता मोकळा असेल तेव्हा दोन्ही खांदे कानांकडे उचला आणि श्वास सोडत एकदम सैल टाका. कोपरे वाकलेली ठेवा. हँडल पाखरू धरल्यासारखे धरा, म्हणजे सुटणार नाही आणि चिरडणारही नाही. तासाभराने दोन मिनिटे उतरा, मान सावकाश डावी-उजवीकडे वळवा. टायरमध्ये हवा दगडासारखी ठासून भरू नका. टायरच्या कडेला लिहिलेल्या मर्यादेतच, आपल्या वजनाला आणि रस्त्याला मानवेल एवढी ठेवा. अंतर आठवड्याला थोडे थोडे वाढवा. पुढच्या वर्षी वारीला जायचे असेल तर तयारी आषाढात नव्हे, फाल्गुनातच सुरू झाली पाहिजे.

घरच्या घरी चार व्यायाम

पहिला : ताठ बसून हनुवटी न झुकवता सरळ मागे घ्या, जणू मागच्या भिंतीला डोके टेकवायचे आहे. पाच आकडे मोजा, सोडा. असे दहा वेळा.

दुसरा : दोन्ही फरे एकमेकांकडे ओढा, जणू मधे पेन्सिल पकडायची आहे. पाच आकडे मोजा, सोडा. हेही दहा वेळा. खांदे वर जाऊ देऊ नका.

तिसरा : दाराच्या चौकटीत उभे राहून दोन्ही हात चौकटीला टेकवा आणि एक पाऊल पुढे टाका. छातीचे स्नायू ताणले जातील. वीस-तीस सेकंद थांबा. ओणवे बसून छाती आखडली की पाठीला दुप्पट ओढ बसते, म्हणून हा ताण आवश्यक आहे.

चौथा : सायकलची जुनी ट्यूब टाकून देऊ नका. ती खिडकीच्या मजबूत गजाला अडकवा, दोन्ही टोके हातात धरा आणि कोपरे मागे नेत वल्हे मारल्यासारखी ओढा. दहा-बारा वेळा, दिवसाआड. महिन्या-दीड महिन्यात पाठीत ताकद येते. ताणल्याने आराम मिळतो, पण दुखणे पुन्हा येऊ नये यासाठी ताकदच लागते. योगासने करणाऱ्यांनी भुजंगासन आणि मार्जारासन करावे.

शेक, गोळ्या आणि मान मोडणे

आखडलेल्या पाठीला पंधरा-वीस मिनिटे कोमट शेक द्यावा. मधुमेह्यांनी पिशवी आधी घरातल्या दुसऱ्या कुणाला हाताळायला द्यावी. संवेदना कमी असेल तर कातडी भाजली तरी कळत नाही. हलक्या हाताने तेल चोळायला हरकत नाही. बामने बरे वाटते, पण सायकलचे माप बदलण्याचे काम बाम करू शकत नाही. अंथरुणाला खिळून राहू नका. रोजची हालचाल चालू ठेवली की स्नायू लवकर मोकळे होतात. दोन-चार दिवस सायकलचे अंतर कमी करा, एवढी विश्रांती पुरे.

फारच दुखत असेल तर यकृताचा विकार नसलेल्यांनी एक-दोन दिवस पॅरासिटामॉल घ्यावी. परंतु दुकानातून डायक्लोफेनॅक, अॅसिक्लोफेनॅक यांसारख्या वेदनाशामक गोळ्या आपल्या मनाने आणून घेऊ नयेत. त्यांनी जठरात व्रण होतात, रक्तदाब वाढतो, मूत्रपिंडाला इजा होते आणि हृदयविकार असणाऱ्यांना धोका वाढतो. उन्हात घाम गाळून अंगातले पाणी कमी झालेले असताना तर मूत्रपिंडावर दुहेरी भार पडतो. वारीत "एक गोळी मार आणि चल" असे सांगणारे पुष्कळ भेटतात, त्यांना लांबूनच नमस्कार करा.

दाढी झाल्यावर मान कडाकड मोडून घेण्याची हौसही सोडा. मानेला दिलेल्या अचानक हिसक्याने मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी आतून फाटून पक्षाघात झाल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत.

तीच जागा, दुसरे दुखणे

इथपर्यंत वाचून कुणी म्हणेल, चला, पाठ दुखली की हँडल वर करायचे! म्हणून माझ्याच हातून होता होता टळलेली एक चूक सांगतो.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्याकडे सायकलवरून दुधाचा रतीब घालणारे एक मामा आहेत. तेव्हा वय बावन्न. दवाखान्यात भरपूर गर्दी होती. मामा म्हणाले, "दोन फऱ्यांच्या मधे दुखतंय डॉक्टर. सायकलचंच असणार." किटल्यांचे ओझे मला ठाऊक होते. मी मान डोलावली आणि शेक, मलम लिहायला घेतले. कागद अर्धा झाला असेल, तेवढ्यात मामा सहज बोलले, "आणि गंमत बघा, चढाला लागलो की धरतं आणि उतरून उभं राहिलो की पाच मिनिटांत जातं."

माझे पेन थांबले. मी त्यांची सगळी पाठ दाबून पाहिली. कुठेच दुखले नाही. मान वळवली, हात फिरवले, काही नाही. "कुठं दुखतं ते एका बोटानं दाखवा मामा." त्यांना दाखवता येईना. त्यांनी अख्खा तळवा मागे नेऊन "असं आवळतं" म्हटले. ईसीजी काढला तर तो व्यवस्थित आला. तरीही मी त्यांना त्याच दिवशी जिल्ह्याच्या ठिकाणी हृदयतज्ज्ञाकडे पाठवले, कारण स्वस्थ पडलेले असताना काढलेला ईसीजी व्यवस्थित असला तरी हृदयविकार नाही असे ठरत नाही. तपासणीत हृदयाची एक मोठी रक्तवाहिनी बरीच अरुंद झालेली निघाली. वेळेवर उपचार झाले. मामा आजही रतीब घालतात. पण ते वाक्य ते बोलले नसते आणि मी मलम देऊन त्यांना घालवले असते तर? हा प्रश्न मला आजही मधूनच सतावतो.

म्हणून वाचकांनी हा फरक ध्यानात ठेवावा. स्नायूचे दुखणे बहुधा बोटाने दाखवता येते, दाबले की वाढते, मान किंवा हात वळवला की बदलते आणि सायकलवरून उतरल्यावरही तासन् तास रेंगाळते. हृदयाचे दुखणे श्रमाने येते, थांबले की जाते, दाबून वाढत नाही आणि आवळल्यासारखे किंवा जड ओझे ठेवल्यासारखे वाटते. ते छातीतच असते असे नाही. पाठ, खांदा, जबडा, हात, अगदी वरचे पोट इथेही ते जाणवते. स्त्रियांत आणि मधुमेह्यांत तर ते पुष्कळदा असे आडवळणाने येते. या खुणा शंभर टक्के खात्रीच्या नाहीत, म्हणून शंका आली की तपासून घेणेच शहाणपणाचे. पाठीत आवळून आले, सोबत दरदरून घाम, दम किंवा मळमळ असेल आणि थांबूनही ते कमी होत नसेल, तर शेकत बसू नका. १०८ क्रमांकावर फोन करून रुग्णवाहिका बोलवा. स्वतः वाहन चालवत दवाखान्यात जाऊ नका.

याशिवाय पुढील खुणा दिसल्या तर डॉक्टरांना लवकर दाखवा : हातात मुंग्या येणे किंवा ताकद कमी होणे, पायांत जडपणा येणे, चालताना तोल जाणे, सायकलवरून पडल्यानंतर सुरू झालेले दुखणे, रात्री झोपेतून उठवणारी पाठदुखी, सोबत बारीक ताप आणि घटते वजन. या शेवटच्या लक्षणांत मणक्याचा क्षयरोग असू शकतो आणि आपल्या देशात तो दुर्मीळ नाही. एकाच बाजूला आग होऊन दोन-तीन दिवसांत तिथे फोड उठले तर ती नागीण असते. तिचे औषध जितके लवकर सुरू होईल तितके बरे.

गुरुजी पुन्हा सायकलवर

गुरुजींमध्ये यांतले काहीच नव्हते. तरी त्यांचे वय आणि मधुमेह पाहून मी ईसीजी काढला, श्रमाने दुखते का तेही नीट विचारून घेतले आणि मगच सायकल चालवायला हरकत नाही असे सांगितले. पहिला आठवडा रोज फक्त वीस मिनिटे, तीही सपाट रस्त्यावर. तिसऱ्या आठवड्यात ते आले तेव्हा गाठ दबली होती आणि मान मोकळी वळत होती. एक्स-रे मात्र तसाच होता, कारण झीज काही भरून येत नसते. पण ती दुखतही नव्हती.

"मग, सायकल विकताय ना?" मी मुद्दाम विचारले.

"छे हो," गुरुजी हसत म्हणाले, "आता पुढच्या आषाढीला सौभाग्यवतीलाही घेऊन जायचा विचार आहे. तिच्यासाठी एक घेतली आहे. पण आधी ती तुमच्याकडून मापून घ्यायची आहे."

तेव्हा वाचकहो, सायकलने पाठ धरली म्हणून सायकलला अडगळीत टाकू नका. हृदय, साखर, वजन आणि मन या चारही गोष्टींसाठी आपल्या ऐपतीत बसणारा इतका चांगला व्यायाम फार थोडा आहे. फक्त सायकल आपल्या मापाची करून घ्या, खांदे सैल सोडा आणि पाठ काय सांगते ते नीट ऐका. आणि डॉक्टरकडे गेलात तर दुखते कुठे एवढेच सांगू नका. केव्हा दुखायला लागते आणि केव्हा थांबते, तेही आठवणीने सांगा. मामांनी सांगितले, म्हणून ते आज आहेत.